पावसाचं विमान आणि युद्धाचं विमान: नव्या शस्त्रांना नियम कोण लावणार?

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आकाशात एक विमान ढगांच्या तळाशी घिरट्या घालायचं. मोहोळकडच्या आमच्या चुलत्यांचं ठाम मत होतं की ते विमान ढग पळवून लावतं. वस्तीवर जनावरांनाही टँकरचं पाणी होतं, तेव्हा त्यांच्या रागाला कारण होतं. प्रत्यक्षात तो पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा प्रयोग होता. पंखांना बसवलेल्या नळकांड्या पेटवायच्या, त्यांच्या धुरातून कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण ढगात जायचे आणि त्या कणांभोवती थेंब मोठे व्हायचे. संशोधकांनी २७६ ढग निवडले. काहींत कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि दोन्हींची तुलना केली. वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचं त्यातून दिसलं.

आता पन्नास वर्षं मागे चला. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या विमानांनी व्हिएतनाम युद्धात ढगांमध्ये कण फवारले. रसायन वेगळं, कल्पना तीच. शत्रूची रसद जंगलातल्या ज्या वाटांनी दक्षिणेकडे जायची, तिथे पावसाळा लांबवायचा, चिखल करायचा, ट्रक रुतवायचे. गुपित फुटल्यावर गदारोळ झाला. पुढे १९७७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार सह्यांसाठी खुला झाला आणि १९७८ मध्ये लागू झाला. निसर्गात व्यापक, दीर्घकाळ टिकणारा किंवा गंभीर परिणाम करणारा फेरफार करायचा आणि तो शत्रूविरुद्ध वापरायचा, याला त्यात बंदी आहे. भारत या करारात सामील आहे. शांततेच्या कामासाठी असं तंत्र वापरायला आडकाठी नाही, हेही त्याच करारात लिहिलंय. म्हणून व्हिएतनामवर ज्याला बंदी बसली, त्याच्याच धाकट्या भावाला सोलापूरवर उडता आलं.

२०२५ च्या मे महिन्यात पश्चिम सीमेवर रात्री-रात्री ड्रोन येत होते, पाडले जात होते, आणि आपण सगळे टीव्हीपुढे बसून होतो. तेव्हापासून ओळखीची माणसं विचारतात: आता यंत्रंच लढणार का? अवकाशातही युद्ध होणार का? आणि या सगळ्याला काही नियम आहेत की नाहीत? त्या प्रश्नांची उत्तरं मला जमतील तितक्या सोप्या भाषेत मांडतो. ढगांची गोष्ट आधी सांगितली, कारण पुढच्या सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे.

एका वस्तूचे दोन उपयोग

सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेवर औषध मारणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. त्याची टाकी काढून खाली स्फोटकं लावली तर तो हल्ल्याचा ड्रोन होतो. मोटर तीच, पाती तीच, रिमोटही तोच. उपग्रह वर नेणारं रॉकेट आणि लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र यांचंही नातं असंच सख्ख्या भावांचं आहे. याला ‘दुहेरी वापर’ म्हणतात.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. जीपीएस ही अमेरिकेच्या लष्कराने स्वतःसाठी उभारलेली यंत्रणा. १ सप्टेंबर १९८३ ला दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा नागरी वापरासाठीही खुली करू. आज सोलापूरच्या सात रस्ता चौकातला रिक्षावाला मोबाइलवर पत्ता शोधतो, त्यामागे ही गोष्ट आहे.

म्हणून ‘घातक तंत्रज्ञानावर सरसकट बंदी घाला’ ही मागणी ऐकायला बरी वाटली तरी चालत नाही. नियम वस्तूवर कमी आणि वागण्यावर जास्त लावावे लागतात: काय करायचं नाही, कुठे करायचं नाही आणि केलं तर जबाबदार कोण.

जगाला पोलीस नाहीत, मग नियम कसले?

हा पहिला आक्षेप, आणि तो बरोबर आहे. जगाचा कोणी फौजदार नाही. पण आपल्याकडे भावकीतली सामायिक विहीर कशी चालते ते बघा. चार हिस्सेदार, चार मोटारी. तिथेही तलाठी रोज येऊन उभा राहत नाही. आज रात्री थ्री-फेजची पाळी कुणाची हे ठरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते पाळलं जातं, कारण उद्याची पाळी आपली असते. कोणी दोन तास जास्त मोटार चालवली तर विहिरीचा तळ दिसतो आणि सगळ्या भावकीला कळतं. भांडणं होतात. तरी पाळी ठरलेली असणं आणि नसणं यात एका उभ्या पिकाचा फरक पडतो.

आंतरराष्ट्रीय करार असेच टिकतात. गरज, लाज आणि उद्याची भीती या तिन्हींवर.

सगळ्यात जवळचं उदाहरण आपलंच आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने १९८८ मध्ये केला. त्यानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. १९९२ पासून हे चालू आहे. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, मे २०२५ झालं. त्यानंतरच्या १ जानेवारीलाही याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. ‘पाकिस्तानशी करार करून उपयोग काय’ असं कोणी म्हणालं की मी ही तारीख सांगतो.

वर किती गर्दी झाली आहे

पृथ्वीभोवती आज दहा हजारांहून जास्त चालू उपग्रह फिरत आहेत. शिवाय बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे भाग आणि तुकडे. एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर जातो. खालच्या कक्षांमध्ये त्यांचा वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. सोलापूर ते पुणे हे अडीचशे किलोमीटर अंतर अर्ध्या मिनिटात. या वेगाने हरभऱ्याएवढा तुकडा आपटला तरी उपग्रह निकामी होऊ शकतो.

गाळपाच्या हंगामात मंगळवेढा रस्त्याने रात्री मोटारसायकल चालवलेल्याला हे लगेच पटेल. ट्रॉलीतून उसाच्या मोळ्या रस्त्यावर पडलेल्या असतात. ज्याची ट्रॉली होती तो कधीच पुढे निघून गेलेला असतो, आणि तासाभराने येणारा दुचाकीवाला घसरतो. त्याचा त्या ट्रॉलीशी काहीही संबंध नसतो. रस्त्यावरचा ऊस सकाळी कोणी उचलतं तरी. अवकाशात ८०० किलोमीटर उंचीवर सांडलेलं दशकानुदशकं तसंच फिरत राहतं.

आणि काही देशांनी हा ऊस मुद्दाम सांडला आहे. आपलं क्षेपणास्त्र उपग्रह पाडू शकतं हे दाखवण्यासाठी स्वतःचाच उपग्रह फोडायचा, याला उपग्रहविरोधी चाचणी म्हणतात. जानेवारी २००७ मध्ये चीनने आठशे किलोमीटरहून जास्त उंचीवर असा स्फोट केला. त्याचे मागोवा घेता येतील एवढे मोठे तीन हजारांवर तुकडे झाले आणि त्यातले पुष्कळ अजून फिरत आहेत. अमेरिकेने २००८ मध्ये एक उपग्रह पाडला. भारताने २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’त पाडला. आपली चाचणी मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या आत, खालच्या कक्षेत केली होती, त्यामुळे बहुतेक तुकडे काही महिन्यांत वातावरणात जळून गेले. मात्र काही तुकडे वर उसळले आणि त्यानंतरही बराच काळ फिरत राहिले, हेही खरं आहे आणि ते सांगायला हवं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने उपग्रह फोडला तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या सातही जणांना जीव वाचवण्यासाठी परतीच्या कुप्यांमध्ये जाऊन बसावं लागलं. त्या सातांत दोन रशियाचेच होते.

वरून पडणारी वस्तू आपल्यापासून लांब आहे असंही समजू नका. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या रेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचा भाग असावं, असा जाणकारांचा निष्कर्ष होता.

अवकाशाला आज कोणते नियम आहेत?

मुख्य करार १९६७ चा. तो का झाला, हे कळण्यासाठी १९६२ चा जुलै बघावा लागतो. अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. साडेचौदाशे किलोमीटर दूर हवाई बेटांवर रस्त्यांवरचे दिवे गेले. ब्रिटनच्या पहिल्यावहिल्या उपग्रहासकट काही उपग्रह निकामी झाले. स्फोट शत्रूवर नव्हता, नुकसान मित्राचं झालं. पुढच्याच वर्षी अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी आली, आणि १९६७ च्या करारात लिहिलं गेलं की अण्वस्त्रं किंवा इतर महासंहारक शस्त्रं कक्षेत ठेवायची नाहीत, चंद्रावर लष्करी तळ उभारायचे नाहीत आणि अवकाशावर कोणी मालकी सांगायची नाही.

खासगी कंपन्यांचं काय, असं पुष्कळ जण विचारतात. याच करारात उत्तर आहे: कंपनी कोणाचीही असो, तिच्या अवकाशातल्या कामाची जबाबदारी तिच्या देशाची.

नुकसान भरपाईचा वेगळा करार १९७२ चा आहे. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला एक सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. सोव्हिएत संघाने १९८१ मध्ये ३० लाख कॅनडियन डॉलर दिले. निम्मेच मिळाले, पण शीतयुद्धाच्या ऐन भरात मिळाले.

या करारांना भोकंही आहेत. महासंहारक नसलेल्या शस्त्रांबद्दल १९६७ चा करार गप्प आहे. क्षेपणास्त्राने उपग्रह फोडणं, लेझरने त्याचे डोळे दिपवणं, त्याचे संदेश बिघडवणं याला त्यात थेट मनाई नाही. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला की तुकडे उडवणाऱ्या उपग्रहविरोधी चाचण्या देशांनी करू नयेत. १५५ देश बाजूने, ९ विरोधात, ९ तटस्थ. रशिया आणि चीन विरोधात होते, भारत तटस्थ. एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेत अवकाशातल्या अण्वस्त्रबंदीची पुन्हा ग्वाही देणारा ठराव आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला.

यंत्राने ठरवायचं म्हणजे नेमकं काय?

आता जमिनीवर येऊ. स्वायत्त शस्त्र म्हणजे एकदा सोडल्यावर लक्ष्य स्वतः शोधणारं, स्वतः निवडणारं आणि माणसाला न विचारता मारणारं शस्त्र.

सोलापुरी चादरीचा माग ज्याने पाहिलाय त्याला यातली भानगड समजायला वेळ लागणार नाही. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचे जेकॉर्डचे यंत्रमाग आहेत. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जिथे भोक तिथे उभा धागा उचलला जातो, आणि चादरीवर मोर उमटतो. एकदा एका पुठ्ठ्याचं एक भोक फाटलं होतं. मोराच्या मानेवर रेघ उठायला लागली, पुढच्या मोरावर तीच, त्याच्या पुढच्यावरही तीच. खडखडाटात कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी दोन माग पलीकडे काम करणाऱ्या एका वयस्क कामगाराने लांबूनच ते कापड पाहिलं, येऊन दांडा ओढला आणि माग थांबवला. मग बोट ठेवून दाखवलं, हे भोक.

यात दोन गोष्टी घडल्या. माग आपली चूक स्वतः ओळखू शकला नाही, आणि चूक कुठे आहे हे माणसाला बोट ठेवून दाखवता आलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शस्त्रात पहिली अडचण तशीच राहते, आणि दुसरी सोय जाते. ते यंत्र पुठ्ठ्यावर चालत नाही. लाखो चित्रं दाखवून त्याला ‘रणगाडा असा दिसतो’ हे शिकवलेलं असतं. उद्या त्याने ट्रॅक्टरला रणगाडा मानलं तर का मानलं, हे ते बनवणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. युद्धाचे जुने नियम सांगतात की सैनिक आणि सामान्य माणूस यांत भेद करा, आणि मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने सामान्यांची हानी जास्त होऊ देऊ नका. हात वर करून बाहेर येणारा माणूस आणि हातात काही घेऊन येणारा माणूस यांतला फरक धुरात, अंधारात ओळखायचा म्हणजे नुसतं चित्र ओळखणं पुरत नाही.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. कोरियन विमान पाडून महिनाही झालेला नव्हता, दोन्ही महासत्ता एकमेकींकडे दात खाऊन बघत होत्या. मॉस्कोजवळच्या एका तळावर स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचे सोव्हिएत अधिकारी पाळीवर होते. उपग्रहांवर चालणाऱ्या यंत्रणेने इशारा दिला: अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी, एकूण पाच. पेत्रोव्ह यांचं काम वरिष्ठांना कळवण्याचं. त्यांनी विचार केला की अणुयुद्ध सुरू करायचं तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्यांनी इशारा खोटा असल्याचं कळवलं आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या ज्वाळेसारखा दिसला होता. त्या खुर्चीत पेत्रोव्ह यांच्या जागी यंत्र बसलेलं असतं तर त्याने पुढचा निरोप क्षणात पाठवला असता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिका आणि चीन यांच्या अध्यक्षांनी एवढं मान्य केलं की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहील. बाकीच्या शस्त्रांबाबत असा शब्द अजून कोणी कोणाला दिलेला नाही.

जबाबदारीचा प्रश्न त्याहून अवघड. ९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात जाऊन पडलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. भारताने चूक मान्य केली, चौकशी झाली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. म्हणजे विचारायला माणसं होती. हाच निर्णय यंत्राचा असता तर चौकशी कोणाची करायची? सोडणाऱ्या जवानाची, विकत घेणाऱ्या खात्याची, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाची?

‘आधी आपण ताकदवान होऊ, मग नियमांचं बघू’

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यामागे अनुभव आहे. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेले देश अधिकृत अण्वस्त्रधारी ठरले. भारताची पहिली चाचणी १९७४ ची, म्हणजे आपण दाराबाहेर. पंगतीला आधी बसलेल्यांनी दार लावून घेतलं, ही भावना खरी आहे. म्हणूनच नव्या तंत्रज्ञानावरच्या करारांकडे दिल्ली सावधपणे बघते.

डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांबद्दल काळजी व्यक्त करणारा ठराव आमसभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्या चार देशांत भारत होता. आपलं म्हणणं असं की ही चर्चा जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रविषयक बैठकांत, आधीच चालू आहे, ती तिथेच व्हावी, आणि बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही. अवकाशाच्या बाबतीत मात्र आपण उलट सांगतो: ऐच्छिक वचनं पुरत नाहीत, कायद्याने बांधणारा करार हवा. या दोन भूमिका एकमेकींशी जुळत नाहीत असं मला वाटतं, आणि एक नागरिक म्हणून मला त्याचा खुलासा हवा आहे.

कारण आपण करार पाळणारे आहोत. रासायनिक शस्त्रांच्या करारात आपण सामील झालो, आपल्याकडे साठा आहे हे जाहीर केलं आणि २००९ पर्यंत तो निरीक्षकांसमोर नष्ट केला. त्याने देश दुबळा झाला नाही. दार लावून घेतलं जाण्याची भीती असेल तर मसुदा लिहिला जात असताना आत बसणं हाच त्यावरचा उपाय दिसतो.

‘पण तपासणार कसं?’

अवकाशात तपासणं तुलनेने सोपं. स्फोट लपत नाही. जगभरच्या दुर्बिणी आणि रडार बघत असतात. संगणकातला प्रोग्रॅम तपासणं फार अवघड आहे, हे मान्य करायला हवं. दिवसा माणसाला विचारून मारणारा ड्रोन रात्री एक ओळ बदलून न विचारता मारू शकतो. म्हणून प्रत्येक हल्ल्याच्या निर्णयाची नोंद ठेवा आणि नाव असलेला अधिकारी जबाबदार धरा, अशा मार्गांचा विचार चालू आहे.

वापराआधीच बंदी घालता येते, याचा दाखलाही आहे. माणसाला कायमचं आंधळं करणारी लेझर शस्त्रं युद्धात रुळण्याआधीच, १९९५ मध्ये, त्यांच्यावर बंदी आली. भारतानेही ती स्वीकारली.

सोलापुराला याचं काय?

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला सुरू झाला, त्याच पहाटे एका उपग्रह इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला. निशाण्यावर युक्रेन होतं. पण जर्मनीतल्या हजारो पवनचक्क्यांचा दूरस्थ नियंत्रणाशी संपर्क तुटला. लढाई एका देशात, संपर्क तुटला दुसऱ्याच देशातल्या माळरानावर.

आपल्याकडे पावसाचा अंदाज इन्सॅट उपग्रहांवरून येतो. उजनीतून पाणी कधी सोडायचं हा निर्णय त्या अंदाजावरही अवलंबून असतो, आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो वारकरी उभे असताना तो अंदाज चुकून चालत नाही. हे सगळं ज्या कक्षांमधल्या यंत्रांवर चालतं, तिथे रस्त्यावर ऊस सांडू नये एवढी तरी खबरदारी सगळ्यांनी घ्यावी, अशी अपेक्षा गैर नाही. इस्रोने २०३० पर्यंत कचरामुक्त अवकाश मोहिमांचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ते स्वागतार्ह आहे.

स्वायत्त शस्त्रांवरचा बंधनकारक करार २०२६ पर्यंत व्हावा, असं आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी २०२३ मध्येच केलं होतं. असले विषय दिल्लीचे आणि जिनिव्हाचे म्हणून आपण सोडून देतो. पण खासदाराने लोकसभेत लेखी प्रश्न विचारला की मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कोणालाही वाचता येतं. मी दोन प्रश्न मराठीत लिहून आमच्या खासदारांच्या कार्यालयात दिले आहेत. मारण्याचा शेवटचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, असं लेखी धोरण आपल्या सैन्यदलांकडे आहे का? आणि तुकडे उडवणारी उपग्रहविरोधी चाचणी भारत पुन्हा करणार नाही, असं जाहीर करायला सरकारची हरकत नेमकी कोणती? कार्यालयाने पोच दिली आहे. उत्तर आलं की इथेच जसंच्या तसं देईन.